रणगाड्याच्या पुस्तिकेतली माझी ओळ

या प्रवासाबद्दल लिहू नये, असं मला तिघांनी सांगितलं आहे. एजन्सीने ईमेलवर, एजन्सीच्या वकिलाने फोनवर आणि नवऱ्याने चहा गाळता गाळता. तिघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. आता लिहिते.

मी कुंदा, वय सत्तावन्न. कसबा पेठेत तांबट आळीत जन्मले, लग्न होऊन दोन बोळ पलीकडे गेले, आणि गेली तीस वर्षं घरातल्या एका टेबलाशी बसून जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणते आहे. पुण्यात हा उद्योग करणाऱ्या बायका किती आहेत, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. कॉलेजात जर्मन शिकलो, काहीजणी विमानात बसल्या, आम्ही बाकीच्या पंप, छपाईयंत्रं आणि ट्रक घेऊन घरी बसलो. मी जर्मनीला एकदाही गेलेली नाही, पण तिथल्या कुठल्या बोल्टला किती पीळ द्यायचा ते मला विचारा.

निघण्याआधी

वाघोलीच्या ऑफिसातून रोहितचा फोन आला. रोहित आमच्या एजन्सीचा मॅनेजर, मूळचा अमरावतीचा, वयाने माझ्या भाच्याएवढा. "मॅडम, सिंपल असाइनमेंट आहे. पोलंड, दोन आठवडे. जर्मन मेकॅनिक शिकवणार, तुम्ही लाइव्ह इंग्लिश करायचं, तिथली इंटरप्रिटर युक्रेनियन करणार. आपण केलेली रणगाड्याची पुस्तिका आठवते ना? त्याच लोकांचं काम आहे."

आठवत होती. युक्रेनला युरोपातले देश आपापल्या गोदामांतले जुने रणगाडे देत होते, आणि त्यांच्याबरोबर द्यायची देखभालीची पुस्तिका दोन वर्षांपूर्वी मीच इंग्रजीत केली होती. रणगाड्याचं नाव इथे लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. करारातला तेवढा शब्द मी पाळणार आहे, बाकीचा नाही.

नवरा म्हणाला, "रणगाडे? स्कूटर मधल्या स्टँडवर लागत नाही तुला."

"ती लागू नये अशीच बनवलेली आहे," मी म्हटलं, आणि बॅग काढली. त्या आठवड्यात घरात ज्याला त्याला काळजी होती. युद्धाजवळ जायचं वय आहे का, तिथे थंडी किती, गुडघ्यांचं काय. मी जाणार म्हटल्यावर जाणारच होते, त्यामुळे काळजी करणाऱ्यांना मी शेंगदाणे भाजायला बसवलं.

आमच्याबरोबर सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त कर्नलसाहेब आहेत. खडकवासल्याला शिकले आणि नोकरीभर रणगाड्यांत राहिले. टीव्हीवर रोज कुणीतरी सांगत होतं की दान मिळालेले रणगाडे भंगार निघाले. कर्नलसाहेब म्हणाले, "कुंदाताई, ते तोफेबद्दल बोलतात. तुम्ही तिथे तेल, पट्टे आणि सुटे भाग बघा. रणगाडा लढाईत मरतो त्याहून जास्त वाटेतच मरतो." हे मी वहीत लिहून घेतलं, कारण टीव्हीवर हे कुणीच बोललं नव्हतं.

हालिनाबाईंचं घर

विमानांचं काही सांगत नाही, विमानात सगळे सारखेच अवघडतात. विमानतळावरून चार तास बस, आणि मग सपाट प्रदेश. नजर जाईल तिथवर नांगरलेली काळी जमीन. नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढे इमारती नव्हत्या तेव्हा अशी दिसायची, फक्त तिथे कडेला बाभळी होत्या आणि इथे पांढऱ्या सालीचे बर्च. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी होती, टोपलीएवढाली, आणि त्यांत ते एका पायावर उभे. एप्रिल होता आणि पाऊस नुसता भुरभुरत होता.

उतरायची सोय हालिनाबाईंकडे होती. विधवा, माझ्याच वयाच्या, गावात शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या घरात दारावर, नळावर, फ्रिजवर, जिन्यावर हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले होते. फोनवर भाषांतर करून वाचले. 'दार हळू लावावे.' 'हा नळ डावीकडे उघडतो. उजवीकडे जोर करू नये.' 'जिना तिसऱ्या पायरीवर करकरतो. घाबरू नये.' मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

मी शाकाहारी आहे हे त्यांना आधी कळवलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी सार वाढलं, आंबूस, पिठूळ, फार चवदार. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा वाटीच्या तळाशी काहीतरी गुलाबी सापडलं. मी विचारल्यावर त्या जरा रागावूनच म्हणाल्या, हे मांस नव्हे, हे फक्त चवीपुरतं आहे. त्यानंतर मी बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर राहिले. त्यावर आपली शेंगदाण्याची चटणी. हालिनाबाईंनी चमचाभर खाल्ली, पाच मिनिटं खोकल्या, आणि रोज सकाळी मी उठायच्या आत बरणी टेबलावर काढून ठेवायला लागल्या.

सोमवार

दुरुस्तीची शेड गावाबाहेर होती, पूर्वी बहुधा साखरेचं गोदाम असावं. आत पाऊल टाकलं आणि आवाज अंगावर आला. लोखंडावर हातोडे, दहा ठिकाणी, दहा तालांत. शिकायला आलेले युक्रेनियन लोक कानांत बोळे घालत होते. मी तांब्याच्या मठारकामाच्या आवाजात पाढे पाठ केलेली बाई, मला काही झालं नाही.

तिथे मला डीटर भेटले. सत्तरी ओलांडलेले जर्मन, तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत याच रणगाड्यावर चालक होते, आता स्वतःहून शिकवायला आलेले. माझी दोन वाक्यं ऐकून ते थबकले. "बाई, आपण इतकं जुन्या वळणाचं जर्मन बोलता. माझ्या आजीनंतर हे पहिल्यांदाच ऐकतोय." आमच्या कॉलेजातली पुस्तकं किती जुनी होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शेडमध्ये अकरा रणगाडे उभे होते, वेगवेगळ्या देशांनी दिलेले. आपल्याकडे एका लग्नात आलेला लेमन सेट दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून जातो, तसे काही आलेले दिसत होते. आहेर म्हणून वाईट नाही, पण सहा पेल्यांतले चारच. मूळ रणगाडा एकच, पण प्रत्येक देशाने चाळीस वर्षांत आपापल्या मनाने त्यात बदल केलेले. एकाचा रेडिओ निराळा, दुसऱ्याची दुर्बीण निराळी, तिसऱ्याचे पट्टे जोडायच्या खिळी निराळ्या. एकाचा भाग दुसऱ्याला बसेल तर शपथ. कोपऱ्यात दोन रणगाडे उघडून ठेवलेले होते आणि त्यांची आतडी काढून बाकीचे उभे करायचं चाललं होतं. हे भाग बनवणारे कारखाने कधीच बंद झालेत, असं डीटर म्हणाले. "आणि इथून आघाडी हजार किलोमीटर. तिथे एखादा बोल्ट तुटला की रणगाडा ट्रेलरवर चढवून इथे आणायचा. महिना जातो. वर्तमानपत्रात येतं, रणगाडा निकामी."

माझ्या इंग्रजीचं युक्रेनियन करणारी ओक्साना होती. चौतिशीची, एका गावात शाळेत इंग्रजी शिकवायची, युद्ध सुरू झालं तेव्हा आईला घेऊन सीमेपलीकडे आली. चटपटीत, नेमकी, माझ्या वाक्याला एक शब्द जास्त न लावणारी. असं काम करणारी बाई मला लगेच आवडते. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींचं वाक्य संपायच्या आत पुढचं उचलायला लागलो होतो.

मंगळवार

पार्ट धुवायच्या हौदाशी एक माणूस असायचा. उंच, अठ्ठावीस-तीसचा, कोपरापर्यंत काळा. कुणाशी बोलायचा नाही आणि रणगाड्याकडे पाठ करून जेवायचा. मी ओक्सानाला विचारलं, हा कोण. ती म्हणाली, "मिकोला. माझा भाऊ." आणि विषय संपवला.

पण डीटर काही संपवणारे नव्हते. जेवायच्या सुट्टीत त्यांनी त्यालाच बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, लढाईत हा रणगाडा कसा चालतो ते याला विचारा. मी तर कधी लढलोच नाही." मिकोला अवघडून बसला. मग बोलत गेला तसा त्याचा चेहरा बदलला, आणि ओक्साना खाली बघत भाषांतर करत राहिली.

त्याचं म्हणणं असं. चिलखत पातळ आहे, हे पहिल्याच दिवशी कळतं, त्यामुळे पुढे घुसायचं नाही. लांब, झाडीत थांबायचं, मारायचं आणि निघायचं. तोफ अचूक आहे, अगदी मनासारखी. आणि मागे फार वेगात पळतो. त्याच्या आधीच्या रणगाड्याला मागे यायला माणसाच्या चालीइतका वेळ लागायचा. "घरी पुढे जाऊन कोणी पोचत नाही," तो म्हणाला, "मागे येऊनच पोचतात." खरा शत्रू वरून येतो, उडणारा, पिशवीएवढा. त्याला दिसलात की संपलं. म्हणून फांद्या, जाळ्या, आणि धूर अजिबात नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

मग एक दिवस त्याच्याच रणगाड्यातून धूर निघाला. पांढरा-निळा, लांबून दिसेल असा. त्याने झाडीत मागे घेतला, पण वरच्याने पाहिलं होतं, तो येऊन आदळला. चौघेही बाहेर पडले. गोळे भरणाऱ्या आंद्रीची दोन बोटं गेली. इंजिन उघडल्यावर आत प्रमाणाबाहेर तेल सापडलं. चालकाने जास्त तेल भरलं, निष्काळजीपणा, असा अहवाल झाला. चालक मिकोला. त्याला रणगाड्यावरून उतरवलं आणि त्याच रणगाड्याबरोबर इथे धुण्याच्या कामाला पाठवलं.

"मी तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेइतकंच भरलं होतं," तो म्हणाला. "रोज." ओक्सानाने हे वाक्य फार हळू सांगितलं.

बुधवार

सकाळी डीटरनी तेल कसं तपासायचं ते दाखवलं. इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, आणि ते चालू असतानाच पट्टी बाहेर काढली. त्या धडधडाटात मी ओरडून विचारलं, "बंद करून दहा मिनिटं थांबायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू उपासाच्या दिवशी अंडं मागितलं. "बंद केलं की या इंजिनातलं तेल टाकीतून खाली उतरतं. पट्टीवर कमी दिसतं. मग माणूस वर आणखी ओततो. चार दिवस असं केलंत की धूर." खिशातून त्यांनी आपली जुनी छापील पुस्तिका काढली आणि शेवटच्या पानाची घडी उलगडली. तिथे एक तक्ता होता. तो मी आयुष्यात पाहिलेला नव्हता.

'दहा मिनिटं थांबा' हे माझ्या डोक्यात आलं कुठून, हे मला कळायला लागलं होतं. जेवायच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून रणगाड्याची पुस्तिका आणि त्याआधीचं एक जुनं काम शेजारी शेजारी लावलं.

झालं होतं ते असं. आमच्या कामात सॉफ्टवेअर असतं, ते जुनी भाषांतरं लक्षात ठेवतं. पूर्वी केलेलं वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपोआप बसतं, राखाडी रंगात, कुलूप लावून. त्या ओळीला हात लावायचा नाही, असा एजन्सीचा नियम. जर्मन मूळ एवढंच म्हणत होतं: 'तेलाची पातळी नियमानुसार तपासा.' नियम घडीच्या पानावर होता, आणि ते पान मला स्कॅन करून आलंच नव्हतं. पण हेच वाक्य फार पूर्वी मी एका ट्रकच्या पुस्तिकेत केलं होतं. तिथे मला ते अपुरं वाटलं होतं. नियमानुसार म्हणजे काय, वाचणाऱ्याने काय समजायचं? म्हणून मी माझ्या पदरचं घातलं: 'इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग तपासा.' ट्रकला ते बरोबरच होतं. सूचना अर्धवट दिसली की आम्हा पेठेतल्या लोकांचा हात शिवशिवतो. कुणी विचारलं नाही तरी आम्ही पुरी करून देतो. माझ्या त्या आगाऊपणाला सॉफ्टवेअरने कुलूप लावलं आणि रणगाड्यात नेऊन बसवलं.

माझ्या इंग्रजीवरून केलेल्या युक्रेनियन पुस्तिकेच्या जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती मी फळीवरून काढल्या. मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. जुन्या प्रतीत त्या ओळीत दहाचा आकडा होता. नव्या प्रतीत नव्हता.

ओक्साना कोपऱ्यातल्या टेबलाशी बीटाचं सार घेत होती. मी दोन्ही पुस्तिका तिच्यासमोर ठेवल्या.

"हो," ती म्हणाली. "नवी प्रत छापताना ती ओळ मी बदलली. दोन महिन्यांपूर्वी. डीटर शिकवत होते तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

तिने चमचा ठेवला. "आमचा मोठा भाऊ युद्धाच्या पहिल्याच वर्षी गेला. आता हा एकच आहे. इथे तो काळा होतो, संध्याकाळी खोलीवर येतो, जेवतो, आई त्याला ओरडते. नव्या पुस्तिकेत चूक नाही, आता कुणाचं इंजिन जळणार नाही. तुम्हाला आणखी काय हवंय?"

"आणि आधीच गेलेल्या प्रती?"

"ज्यांचे नंबर होते त्यांना कळवलं."

"आणि ज्यांचे नव्हते त्यांना?"

ती सार तसंच टाकून उठली. माझा तिच्यावर राग नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, हे मला तिथल्या तिथे माहीत होतं. पण तिच्या जागी मी नव्हते. ओळ माझी होती.

रोहितला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. "मॅडम, नेक्स्ट व्हर्जनमध्ये सायलेंटली करेक्ट करू ना. लेखी कशाला?"

"कारण एका माणसावर लेखी ठपका आहे."

"तो आपला माणूस नाही. आणि टेक्निकली तुमची चूकच नाही, लॉक्ड लाइन होती."

"कुलूप तुमचं असेल. आत वाक्य माझं आहे."

"अहो, काय करून राहिल्या तुम्ही मॅडम!" घाबरला की त्याची अमरावती बाहेर येते. "क्लायंट आपल्याला उभं करणार नाही. तुम्हाला पुढे काम नाही मिळणार. कुणाकडूनच नाही."

"माझं नाव लिहीन. तुझं नाही लिहिणार."

तो हळूच म्हणाला, "मी तुम्हाला थांबवलं होतं, एवढं तरी कुठे लिहाल?"

लिहिते म्हटलं. वर लिहिलंच आहे.

गुरुवार

शेडचा कारभार बघणाऱ्या युक्रेनियन मेजरकडे सरळ जायचं माझ्या मनात होतं. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, आधी मिकोला. ज्याच्या मानेवर ते ओझं आहे त्याला न विचारता ते काढणंही आगाऊपणाच झाला असता, आणि तेवढा मी पुरेसा करून चुकले होते.

ओक्साना भाषांतर करणार नाही म्हणाली. मी म्हटलं, नको करूस. हौदाशी गेले आणि दोन पुस्तिका त्याच्यापुढे उघडून धरल्या. त्याने हात पुसले. नवी वाचली. मग त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून स्वतःची प्रत काढली, तेलाने पारदर्शक झालेली, ते पान दुमडलेलं. बोट ठेवून वाचली. पुन्हा नवी वाचली. मग माझ्याकडे बघून त्याला येत होता तो एक इंग्रजी शब्द म्हणाला: "यू?"

मी मान डोलावली. तो मारेल, असं मला एक क्षण वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. तो हौदाच्या कडेवर बसला आणि बोलू लागला. ओक्साना कधी मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही. तिचा आवाज नुसता कोरडा होता, पण एकही शब्द तिने गाळला नाही.

"तो म्हणतो, चार महिने तो रोज तेच आठवत होता. जास्त ओतलं का. खूण चुकीची वाचली का. आंद्रीला फोन करायची हिंमत होत नव्हती." ती थांबली. "तो विचारतो, हे तुम्ही लिहून द्याल का."

"देईन. पण त्याला विचार, लिहून दिलं तर ते त्याला आघाडीवर परत पाठवतील, हे कळतंय ना?"

ओक्सानाने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं. मिकोला हसला. तो हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तो म्हणतो," ती म्हणाली, "तुम्ही तुमचं वाक्य लिहा. त्याचं तो बघेल."

त्याच दुपारी मी मेजरसमोर बसून एक पान लिहिलं. चूक कुठे, कशी, मूळ काय, बरोबर काय. चालकाने पुस्तिकेत होतं तेच केलं. जुन्या सगळ्या प्रती परत मागवाव्यात. खाली माझं पूर्ण नाव, पुणे. डीटरनी साक्षीदार म्हणून सही केली आणि आपली घडीच्या पानाची पुस्तिका जोडायला दिली. मेजर माणूस चांगला होता. त्याने मला विचारलं, "असं कुणी लिहून देत नाही. तुम्ही का देताय?" मी म्हटलं, तुमच्या माणसाने माझी सूचना तंतोतंत पाळली, म्हणून. आमच्याकडे सूचना पाळणारा माणूस शोधून सापडत नाही, हे मी मनात म्हटलं.

पुढचा आठवडा

प्रती परत मागवायचा आदेश शनिवारी निघाला. मिकोलावरचा ठपका मंगळवारी पुसला गेला. बुधवारी त्याचं नाव चालकांच्या यादीत होतं.

शुक्रवारी त्याचा रणगाडा नव्या इंजिनासह मैदानात काढला. चिखल गुडघाभर होता. तो चढला, सुरू केला, गरम होऊ दिला, चालू ठेवूनच तेल तपासलं आणि पट्टी उंच धरून आम्हाला दाखवली. मग पुढे नेला, आणि मग मागे, इतक्या वेगात मागे की डीटर टाळ्या वाजवायला लागले. मी एक्झॉस्टकडे बघत होते. शेजारी ओक्सानाही तिथेच बघत होती. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली होती.

"धूर नाही," ती म्हणाली. "झालं तुमचं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. खरंच झालं नव्हतं. तिने मान वळवली. हालिनाबाईंनी निघताना मला एक कागद दिला, घडी करून. फोनवर वाचला: 'पुन्हा यावे. चटणी आणावी.' त्या कागदावर मी बसमध्ये रडले, पण ते रडणं कशाचं होतं हे हालिनाबाईंना कळलं नसतं.

पुणे

घरी आल्यावर आठवड्याभरात एजन्सीने मला यादीतून काढलं. वकिलाचा फोन आला, तो मी आधी सांगितलाच. मी त्यांना म्हटलं, कोर्टात बोलवा, येते, जर्मन आणि इंग्रजी दोन्ही प्रती घेऊन येते. त्यांनी अजून बोलावलेलं नाही. सध्या मी दोन मुलींना जर्मन शिकवते. टीव्हीवर परवा पुन्हा कुणीतरी म्हणालं की दानाचे रणगाडे भंगार, आणि चालकांना धड तेल भरता येत नाही. मी रिमोट आपटला. नवरा म्हणाला, रिमोटचं काय चुकलं. मी त्याला म्हटलं, भंगार काही नव्हतं. अकरा वेगवेगळे पाहुणे, सुटे भाग नाहीत, दुरुस्ती हजार किलोमीटरवर, आणि वरून माझी ओळ. हे टीव्हीवर सांगायला कुणी मला बोलावणार नाही, म्हणून इथे सांगितलं. ज्याला खटला भरायचा त्याने खुशाल भरावा.

एक गोष्ट राहिली. परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ओक्सानाचा मेसेज आला. दोन वाक्यं होती. 'तो जिवंत आहे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.' काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून 'कळलं' एवढंच लिहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच दोन वाक्यं. त्याच्या पुढच्याही. आता रविवारी सकाळी मी फिरायला जात नाही, मंडईत जात नाही, फोन ओट्यावर ठेवून कामं करते. गेल्या रविवारी दुपारचे दोन वाजले तरी काही आलं नव्हतं. नवऱ्याने ताट वाढलं, मी बसले नाही, आणि त्याने ते झाकून ठेवलं. अडीचला आला. दोन्ही वाक्यं होती. दुसरं तिने जन्मभर लिहावं, माझी काही तक्रार नाही. फक्त पहिलं लिहायचं तिने थांबू नये.